ईडाचं अर्धं पान

राधाबाईने बोलता बोलता तोंड मिटलं आणि पाटीतल्या बांगडा मासळीवर ओलं फडकं ओढून घेतलं.

"गो, सांग मा," पायरीवर बसलेली ईडा म्हणाली. "सुशीलेन दार उघडल्यान, आणि?"

राधाबाई ईडाच्या खांद्यावरून मागे बघत होती. ईडाने मान वळवली. दारात तिचा नवरा, साल्वादोर मास्तर, उभा होता. नाकावर चष्मा, एका हातात लांबट वही, दुसऱ्या हातात पेन.

"थांबलंस कित्याक, राधाबाय?" मास्तरांनी विचारलं. "दार उघडल्यार काय म्हटल्यान तिणा? सावकाश सांग, माका लिवूक गावांदे."

"मास्तरांनु, कोर्टात लिवन घेतत तसां काय लिवतास?"

"कथेसाठी गो. नाव बदलतलंय."

"माका उशीर जाता, ईडाबाय," राधाबाई म्हणाली आणि उठली. त्या दिवशी तिने घासाघीसही केली नाही. ईडाने मागितले तेवढे बांगडे निमूट मोजून दिले आणि घरापुढच्या खळ्यातून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी ईडाने तिला रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाताना पाहिलं. हाक मारली तर तिने नुसता हात हलवला.

ईडाच्या डोक्यात तिडीक गेली. हे सगळं त्या कंप्युटरमुळे झालं होतं.

मास्तर मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाले. जूनभर त्यांनी घरातले सगळे बल्ब बदलले, जुलैत घड्याळं दुरुस्त केली, ती बंद पडली, आणि ऑगस्टमध्ये ते एसटी स्टँडजवळच्या गुरुदासच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. तिथे त्यांना नवकथाकारांसाठीचं एक संकेतस्थळ सापडलं. कथा कशी लिहावी याचे बारा धडे, तेही फुकट. पहिल्या धड्याची छापील पानं घरी आली तेव्हा त्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते. तरी मास्तरांनी ती फाइलला लावली. मग गुरुदासने कुठून तरी फॉन्ट मिळवला आणि घरात कागदांचा पूर आला. 'कथेचा आरंभ', 'पात्राची गरज काय?', 'लेखकाची दिनचर्या'. मीठ-मसाल्याच्या कपाटावर भाताच्या शिताने चिकटवलेला कागद सांगत होता की लेखकाने रोज ठरावीक वेळी लिहावं आणि घरच्यांनी त्या वेळी शांतता पाळावी. ईडाने त्या वेळी मुद्दाम खोबरं वाटायला घेतलं.

बरं, एवढे धडे वाचून माणसाने एखादी कथा तरी लिहावी. नाही. मास्तर धड्यांवरच्या प्रतिक्रिया वाचत, प्रतिक्रियांना उत्तरं देत, आणि कोल्हापूरला डिसेंबरात भरणाऱ्या नवकथाकार मेळाव्याचं वेळापत्रक पाठ करत. तीन दिवसांचा मेळावा, निवडक तीस जण, पंधरा नोव्हेंबरपर्यंत ई-मेलने कथा पाठवायची. शेवटी एकदाची त्यांनी एक कथा खरडून मेळावा घेणाऱ्या सरांना दाखवायला धाडली. सरांचं उत्तर आलं: तुमची पात्रं परिपत्रकासारखी बोलतात, चौथा धडा पुन्हा वाचा. चौथा धडा संवादाचा होता. आजूबाजूची माणसं कशी बोलतात ते शब्दाला शब्द टिपा, असं त्यात लिहिलं होतं. मास्तरांनी दुकानातून वही आणली. आधी ते खिडकीआडून टिपत होते, तेव्हा कुणाला कळलं नाही. मग ऐकू नीट येईना म्हणून दारात आले.

"एकोणीस वर्सां ती ह्या पायरेर बसता," ईडा म्हणाली. "तुमी एका दिसात तिका उठवलास."

"मी काय केलंय? धड्यात लिवलेलां आसा—"

"मगे तुमच्या धड्याकच सांगा, पाटी घेवन ये आणि पायरेर बसान माझ्याशी बोल म्हणान."

"पंधरा तारीख जावंदे. मगे बघू," मास्तर म्हणाले आणि वही उघडून काहीतरी लिहू लागले. ईडा जे बोलली तेच लिहीत असणार. तिने हातातला पेला असा आदळला की त्याला पोचा आला.

मासे कुणीही दिले असते. मोटरसायकलवरून एक माणूस येई, हॉर्न वाजवी, थर्माकोलच्या खोक्यातून सौंदाळे काढून देई आणि पुढे जाई. सुशीलेच्या दाराची उरलेली गोष्टही ईडाला शेजारणीकडून कळली. सुशीलेचा रागावून गेलेला जावई परत आला होता, एवढंच. शेजारणीने ती दोन वाक्यांत सांगून टाकली. राधाबाईने त्याच गोष्टीला अर्धा तास लावला असता, जावयाच्या चालण्याची नक्कल केली असती, मधेच स्वतःच्या सासूला शिव्या घातल्या असत्या, आणि ईडाच्या पोटात हसून कळ आली असती. मुलगा ॲरोन कुवेतला गेल्यापासून घरात दिवसभरात होणारा तेवढाच आवाज होता. तो अर्धा तास ईडाचा होता, आणि आता तो नव्हता. सकाळी नऊ वाजता तिला काय करावं ते सुचत नसे. दोनदा तिने घासलेली भांडी पुन्हा घासली.

चौदा तारखेला मास्तर गुरुदासकडे गेले तेव्हा वही टेबलावर राहिली. ईडाने ती उचलली ती सरळ चुलीत घालायलाच. पण या माणसाने राधाबाईचं काय काय लिहून ठेवलंय ते आधी बघावं, म्हणून तिने उभ्या उभ्या वही उघडली.

चौथ्या धड्यात आणखी काहीतरी असणार, कारण मास्तरांनी शाळेतल्या सवयीने वहीचे भाग पाडले होते. एकच माणूस प्रत्येकाशी वेगळं बोलतं, असं वर अधोरेखित करून लिहिलं होतं. मग मथळा, 'ईडा – राधाबाईशी'. चौदा पानं. ईडा वाचत गेली. कर्ली माशाच्या काट्यांवरून झालेलं भांडण, पोस्टातल्या बाबलीच्या नव्या दातांची कथा, स्वतःच्या गुडघ्यांना दिलेल्या शिव्या, सगळं होतं. आपण इतकं बोलतो हे तिला माहीत नव्हतं. बरंही बोलतो, असं तिला वाटलं. मग 'ईडा – ॲरोनशी, फोनवर'. चार पानं.

मग 'ईडा – माझ्याशी'.

चाय निवता.
पाय पुसून येवा.
जेवूक वाढलंय.
लायट बंद करा.
मिसाक येतास?
वाटेतसून उठा.
आयकलास काय?

प्रत्येक ओळीपुढे तारीख होती. वीस दिवसांचं मिळून अर्धं पान. ईडा खुर्चीवर बसली. काहीतरी लिहायचं सुटलं असेल म्हणून तिने आठवून पाहिलं. गेल्या रविवारी चर्चमध्ये मिसाला जाताना आपण काय बोललो? परवा? ॲरोन लहान असताना आपण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या किती बोलायचो, तेही आठवून पाहिलं. ते आठवलं, पण परवाचं काही आठवलं नाही. तिला अगदी वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. तिने पान उलटलं. पुढचा मथळा होता, 'मी – ईडाशी'. त्याखाली तीन ओळी होत्या.

चष्मो खंय आसा?
गुरुदासाकडे जातंय.
हं.

मास्तर आले तेव्हा वही तिच्या मांडीवर उघडी होती. त्यांच्या हातात नवा छापील कागद होता. वही पाहून त्यांनी तो पाठीमागे नेला.

"ह्यां बरोबर लिवलास?" ईडाने विचारलं.

"तारखेवारी आसा."

"माजां अर्धां पान. आणि तुमचे तीन वळी. आणि माका म्हणतास बायल बोलना नाय."

"मी खंय तसां म्हटलंय?"

"तां पण नाय म्हटलास."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग पाठीमागचा कागद पुढे आणला, पण तिला दिला नाही.

"नवी कथा सरांक दाखयलेली. मेल इलो तेंचो."

"काय म्हणतत?"

"बायलेचां पात्र जिवंत आसा म्हणतत. संवाद फर्मास."

"आणि?"

"घोव काढून टाकलो तरी कथेक कायच फरक पडाचो नाय म्हणतत." मास्तरांनी घसा साफ केला. "तेका काढा, नायतर तेका कायतरी करूक लावा. उद्या अकराक लायट जाता, त्याच्या आधी येवन दुरुस्ती करा, म्हणता गुरुदास. दुपारी बाराक मुदत संपता."

ईडाला खरं तर हसू यायला हवं होतं. त्या कोल्हापूरच्या माणसाने चाळीस ओळींची कथा वाचून नवऱ्याबद्दल जे ओळखलं ते तिला पस्तीस वर्षांत कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"फरक कसो पडना नाय?" ती म्हणाली. "दार अडवून उभो ऱ्हवता तो."

मास्तरांनी ते लिहून घेतलं नाही. ते दारातून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी ईडा उठली तेव्हा मास्तर घरात नव्हते. सात वाजता गुरुदास कुलूपही काढत नाही, पण आज मुदत होती. शटरबाहेर जाऊन बसले असतील. नऊ वाजता ती सवयीने पायरीवर बसली. मोटरसायकलवाला हॉर्न वाजवून गेला. तिने काही घेतलं नाही.

साडेदहाला मास्तर आले. शर्टाचा खांदा ओला, विजारीला चिखल, चष्म्याच्या काचेवर माशाचं खवलं चिकटलेलं. अंगाला बाजाराचा वास येत होता. ते पायरीजवळ येऊन थांबले.

"शेवटाक राधाबायन माका चाय पाजल्यान," ते म्हणाले.

"शेवट आधी कित्याक सांगतास? गेलेलास खंय?"

"मासळी बाजारात."

"तुमी?" ईडाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येतली म्हणाली ती?"

"तां नाय सांगल्यान. तिणा पयलां विचारल्यान, वही खंय. म्हटलंय, घरात. मगे म्हणाली, हात दाखवा. दाखयलंय. दोनव मोकळे आसत, तर उचला, म्हणाली."

"काय उचला?"

"पाटी. भरलेली पाटी डोक्यार चढवची तर एकटीक जमना नाय. दुसऱ्यान हात लावूक व्हयो."

"माका शिकयतास?"

"नाय गो. माका म्हायत नव्हतां." मास्तर खालच्या पायरीवर बसले. "जी येय तिका राधाबाय सांगी, मास्तरांका बोलव. सात पाटये चढयलंय. पयलीच कलांडली. सुंगटां. सगळी आंगार."

"कोणाच्या?"

घरात फोन वाजू लागला. दोघांनाही कळलं की गुरुदासच असणार. अकराला वीस मिनिटं होती. मास्तरांनी दाराकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून ते अर्धे उठले. ईडाने पाय आखडून वाट करून दिली. आता ते आत जातील, मग स्टँडवर, मग जेवायच्या वेळेला येतील, हे तिला पाठ होतं.

फोन वाजत राहिला. मास्तर अर्धे उठलेले तसेच होते. मग ते पुन्हा खाली बसले आणि आपल्या चिखल लागलेल्या विजारीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने फोन थांबला. लगेच पुन्हा वाजायला लागला.

"वर बसा," ईडा म्हणाली. "थंय वल आसा." ती पायरीवर सरकली. मास्तर तिच्या शेजारी येऊन बसले. कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळत नसल्यासारखं दिसलं.

"पयल्यापासून सांगा, नीट," ती म्हणाली. "कोणाच्या आंगार कलांडली?"