झबरूचं काय करायचं

बिधी चंदाने कोकरू गुडघ्यात दाबून धरलं, चिमटा नेमका जागेवर बसवला आणि तीस मोजून सोडला. कोकरू एकदा ओरडलं, चार पावलं फेंगडं चाललं आणि आईच्या कासेला जाऊन लागलं.

"पुढचं आण," तो म्हणाला.

पुढचं आणायचं काम सरणूचं, म्हणजे त्याच्या बायकोच्या थोरल्या भावाचं. दोघांचे कळप बारा वर्षं एकत्र चरत होते. हिवाळ्यात खाली कांगड्याच्या रानात, उन्हाळ्यात जोत, म्हणजे बर्फाळ डोंगरातली खिंड, ओलांडून पलीकडच्या कुरणांवर. जोत चढायच्या आधी आठ दिवस डेरा असा गावाच्या डोक्यावर पडायचा आणि त्या आठ दिवसांत नर कोकरं खच्ची करून घ्यायची. वंशाला ठेवायचे दोन एडके बिधीने गेरूचा पट्टा ओढून आधीच बाजूला काढले होते. बाकीच्यांबद्दल त्याने उभ्या आयुष्यात कधी विचार केला नव्हता.

अठराव्याला चिमटा लावणार तोच खालच्या वाटेवर दोन्ही म्हाताऱ्या कुत्र्या भुंकायला लागल्या. चहाच्या मळ्यांकडून बिधीचा राखणीचा कुत्रा झबरू वर येत होता. तीन दिवसांनी. पुढचा उजवा पाय उचललेला, थोबाड फाटलेलं, गळ्यातला लोखंडी काट्यांचा पट्टा एका कानाच्या खुंटावर चढलेला.

"आले नवरदेव!" सरणू ओरडला. "दाजी, विचारा तरी, वरात कुठवर गेली होती?"

बिधी हसला नाही. कोकरू तसंच सोडून तो उठला, झबरूला मानगुटीला धरून ओढ्याशी घेऊन गेला आणि जखम धुवायला लागला. कुत्रा ओशाळून डोळे चुकवत होता. मेल्याला लाज वाटते, पण तीन दिवस उशिरा, असं बिधीच्या मनात आलं आणि त्याचा राग अर्धा उतरला. दोन वर्षांपूर्वी याच कुत्र्याने बिबट्याला अंगावर घेतलं होतं. पट्ट्याच्या काट्यांनी वाचला, नाहीतर तेव्हाच संपला असता. असा राखण्या आख्ख्या वाटेवर दुसऱ्या कुठल्या डेऱ्यात नव्हता. पण कुठे कुत्री माजावर आली की याला कळप दिसेना, मालक दिसेना. मागच्या खेपेला हा असाच गेला आणि त्या दोन दिवसांत बिबट्याने पाच मेंढ्या नेल्या. पाचातल्या चार सरणूच्या होत्या.

सरणू मागोमाग ओढ्यावर आला.

"दाजी, स्पष्टच सांगतो. खालच्या गावातली माणसं चिडलीत. पुन्हा आला तर मटणातून विष घालू म्हणतात. आणि मला पुन्हा मेंढ्या घालवायच्या नाहीत. परवा जोत चढायची. याला इथेच साखळीला बांधा नि सोडून द्या त्याचा नाद."

"साखळीला? झबरूला?"

"मग काय डोक्यावर घेऊन नाचू?"

"गुरांच्या डॉक्टरबाई मागेच म्हणाल्या होत्या," बिधी पाण्याकडे बघत म्हणाला. "कापून घ्या म्हणून. पळणं थांबेल. उद्या पंचायतीच्या अंगणात मेंढ्यांच्या जंतांच्या डोसचा कँप आहे, तिथेच करतील."

सरणूने कपाळावर हात मारून घेतला.

"कापलेला कुत्रा बिबट्यापुढे उभा राहील? अहो, तुम्हीच रोज करता ना? चिमटा लागल्यावर एडक्याचं काय होतं? खातो, झोपतो, लोकर देतो. नराचं एकदा ते गेलं की राहतं काय हो मागे? नुसती लोकर!"

बिधीचे कान तापले. सरणूचं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. त्याने कमरेभोवतीचा लोकरीचा दोरा सोडला, पुन्हा सगळे वेढे घालून बांधला, आणि तरी तो नीट बसला नाही म्हणून परत सोडला.

दुपारपर्यंत त्याने कळपाला तीन फेऱ्या घातल्या. कारण काहीच नव्हतं. झबरू लंगडत मागे मागे.

दुपारी त्याची बायको ब्यासो गावातून रोट्या आणि ताकाचा कॅन घेऊन वर आली. भावाला वाढून झाल्यावर तिने नवऱ्याकडे बघितलं, मग कुत्र्याकडे, आणि दोघांचीही तोंडं सारखीच उतरलेली बघून तिला हसू आलं.

"अहो, पाणी आणायला चला माझ्याबरोबर."

ओढ्याच्या वळणापलीकडे गेल्यावर तिने ताकाचा रिकामा कॅन खाली ठेवला.

"पिल्लू असताना त्याचे कान कापलेत. शेपूट कापलंत. तेव्हा कुणाला विचारायला गेला नव्हतात."

"ते वेगळं."

"तुम्हाला कुत्र्याची काळजी आहे की सरणूदादाच्या तोंडाची?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की नर म्हणून काही उणं पडत नाही. माझ्या घरात अठरा वर्षांचा पुरावा आहे."

"हळू बोल!" बिधीने दचकून मागे बघितलं. मागे एक मेंढी उभी होती. "आणि तेही वेगळं असतं. माझी नुसती नळी बांधली. याचं मुळातूनच काढणार."

"ते मला कळतं हो. पण दादाला कळत नाही. म्हणून तुम्ही त्याच्यापुढे गप्प बसता. त्याने नर म्हटलं की तुमची मान खाली."

बिधी कॅन भरायला वाकला. तिचं खरं होतं आणि ते त्याला झोंबलं.

तिसऱ्या मुलीच्या वेळी ब्यासो मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस गेले तर बाई हाताला लागणार नाही, आणि इतक्या अशक्त बाईचं ऑपरेशन आत्ता करता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग बिधी एकटाच उठून सरकारी दवाखान्यात गेला. दहा मिनिटांचं काम. अंगातलं धाडस तेवढ्यात संपलं, कारण घरी आल्यावर बिरादरीत सांगायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने बायकोला शपथ घातली, ऑपरेशन तुझंच झालं म्हणायचं. ती चार दिवस पोटाला फडकं बांधून अंथरुणात पडून राहिली. बायका येऊन तूप देऊन गेल्या, तिच्या पोटाची विचारपूस करून गेल्या. आणि ज्याला खरोखर दुखत होतं तो तिसऱ्या दिवशी पाठीवर पिठाचं पोतं घेऊन जोत चढत होता. ते आठवलं की त्याला अजून घाम फुटे.

पण तेवढ्यावर भागलं नाही. मुलगा नाही तो नाही. सासू मरेपर्यंत ब्यासोला म्हणत राहिली, स्वतःच्या हाताने घराचा दिवा विझवून आलीस. सरणूला वाटलं, बहिणीने माहेरच्यांना विचारलंसुद्धा नाही. तो वर्षभर तिच्या दारात आला नाही. राखी तिने दुसऱ्याच्या हाती पाठवली, ती त्याने परत पाठवली. ब्यासो सगळं ऐकत राहिली. बिधी त्या वेळी बहुतेक जोतेच्या पलीकडे असे. नसला तरी असल्यासारखं करी.

"करा नाहीतर नका करू," ब्यासो डोक्यावर कॅन चढवत म्हणाली. "पण साखळीला बांधून त्याला माझ्या दारात ठेवू नका. मला बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या अंगणात पाचसहा डेऱ्यांचे लोक जमले होते. मेंढ्यांना डोस पाजणं चाललं होतं, धूळ, लेंड्या, ओरडाआरडा. बिधी झबरूला दोरीने धरून रांगेत उभा राहिला, रांगेतून बाहेर आला, पुन्हा जाऊन उभा राहिला. शेवटी सरणूनेच त्याला कोपराने पुढे ढकललं.

"विचारून तरी मोकळे व्हा एकदाचे."

ताडपत्रीखाली डॉक्टर कटोच हातमोजे बदलत होत्या. वयाने बिधीच्या थोरल्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी झबरूची जखम पाहिली, दात पाहिले.

"नामी कुत्रा आहे. मग, ठरलं का?"

"बाई, बिबट्यापुढे उभा राहील ना हा नंतर?"

"राखण करणं त्याच्या अंगातच आहे, ते सहसा जात नाही. पलीकडच्या डेऱ्यातल्या दोघांचं मी केलंय, दोघंही कामावर आहेत. पण हा राहीलच, असं लिहून नाही देऊ शकत. थोडा जड होईल, खाण्यावर लक्ष ठेवा."

लिहून देत नाही म्हटल्यावर बिधीचा पाय पुन्हा मागे आला. तो घसा खाकरून खालच्या आवाजात म्हणाला, "नाहीतर तसं करता येईल का... काढायचं नाही, नुसती नळी बांधायची?"

"येईल की. पण उपयोग काय? पिल्लं होणार नाहीत एवढंच. बाकी सगळं आहे तसंच. पळेल, भांडेल, रात्र रात्र बाहेर राहील."

हे ऐकून सरणू मोठ्याने हसला.

"घ्या! नळी बांधली तरी सगळं तसंच, म्हणे! बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण हे काही मी मानायचो नाही. आमच्याकडे एकाने करून घेतलं होतं, मास्तर होता. कमरेतला जोर गेला त्याच्या. पोतं उचलेना, चढण चढेना. बाई होऊन बसला नुसता."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. कुणीतरी त्या मास्तराचं नाव घेऊन आणखी काही जोडलं.

"काही जात नाही जोर," बिधी म्हणाला.

"तुम्हाला काय ठाऊक, दाजी?"

"मला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी पोतं घेऊन जोत चढलोय मी. अठरा वर्षं झाली, एक दिवस फरक पडला नाही!"

तो ओरडला होता. स्वतःचाच आवाज कानावर पडल्यावर त्याला कळलं, काय बोलून गेलो ते. डोस पाजणारा माणूस नळी हातात धरून तसाच उभा राहिला. सरणूच्या तोंडावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. आधी त्याने मेव्हण्याला खालून वरपर्यंत बघितलं. मग त्याची नजर कुठेच नव्हती. अठरा वर्षं मागे जाऊन तो काहीतरी जुळवत होता, हे बिधीला स्पष्ट दिसत होतं.

"मग ब्यासो?" तो म्हणाला.

"तिचं काही झालेलं नाही. कधीच नाही."

डॉक्टरबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि त्या शहाणपणाने मधे पडल्या.

"मग याचं काय करू?"

बिधीने झबरूच्या डोक्यावर हात ठेवला.

"काढा," तो म्हणाला. "साखळीपेक्षा बरं."

"डोकं धरायला कुणीतरी लागेल."

"मी धरतो," सरणू म्हणाला आणि गुडघ्यावर बसला.

सुई टोचली. झबरू एकदा गुरगुरला आणि हळूहळू सैल पडला. काम आटोपेपर्यंत सरणूने मान वर केली नाही. डॉक्टरबाई हात धुवायला गेल्यावर तो तसाच खाली बघत बोलला.

"तिची राखी परत पाठवली होती मी."

"ठाऊक आहे."

"एकदाही सांगितलं नाही तिने मला."

"मी शपथ घातली होती."

"आणि ती पाळली तिने! मी तिला पंचांसमोर काय काय बोललो, दाजी. तुम्ही तिथेच बसला होतात, हुक्का ओढत." तो उठला, बाजूला जाऊन उगाचच एका मेंढीचा खूर तपासायला लागला. परत आला तेव्हा आवाज ठीक होता. "दहा दिवस चढण नाही म्हणाल्या बाई. कळप मी नेतो पुढे. तुम्ही राहा घरी, कुत्र्याला घेऊन मागून या."

झबरूला दोघांनी घोंगडीत घालून अंगणाच्या कडेला, अक्रोडाच्या सावलीत आणून ठेवलं. तेवढ्यात ब्यासो जेवण घेऊन आली. घोंगडी बघून तिने पावलं उचलली.

"झालं?"

"झालं," बिधी म्हणाला.

"दाजींचंही झालेलं आहे, असं कळलं आज," सरणू म्हणाला. त्याला ते हलकं करून सांगायचं होतं, पण जमलं नाही.

ब्यासो उभ्याची बसली. तिने आधी भावाकडे पाहिलं, मग अंगणातल्या माणसांकडे. काहींनी घाईघाईने नजरा वळवल्या.

"कुणी सांगितलं?"

"मीच," बिधी म्हणाला. आता ती हसेल, किंवा रडेल, किंवा निदान सुटलो एकदाचे म्हणेल, असं त्याला वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटतही होतं. "हा झबरूवरून बोलायला लागला तसं... मला राहवेना."

ब्यासोने फडकं सोडलं. भावापुढे मक्याच्या रोट्या ठेवल्या, वर भाजी वाढली. मग नवऱ्यापुढे ठेवल्या. घोंगडीवर बसायला आलेल्या माश्या पदराने हाकलल्या.

"सासूबाई गेल्या त्या दिवशीही त्यांनी मला शेवटचं तेच ऐकवलं होतं," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "तुम्ही उशाशी बसला होतात. तेव्हा तुम्हाला राहवलं."

बिधीने उचललेली रोटी परत खाली ठेवली.

"कुत्र्यासाठी बोललात," ती म्हणाली. "खा आता. गार होतील."