रेडिओवर दीना

भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात एलिया वायरमन होता. तिथल्या लिलावात निघालेला एक जुना अ‍ॅम्प्लिफायर त्यानं घरी आणला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. सुताराकडून पेटी करवून घेऊन त्यानं मोठा स्पीकर बसवला. जॉर्ज नावाच्या सोबत्यानं आपला रेकॉर्ड प्लेअर आणून ठेवला. सनईची तबकडी लागली की गल्लीतली माणसं दारात थबकायची.

मग एलियाची नजर स्वयंपाकघरातल्या रेडिओवर गेली.

रेडिओ मरियाचा. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेला. भाकरी थापताना, डाळ निवडताना तो फळीवर आपला बोलत असायचा.

"यालाबी मोठ्या स्पीकरवर घेतो," एलिया म्हणाला. "बघ मग कसा वाजतोय!"

"मला हितं बरं ऐकू येतंय की," मरिया म्हणाली. त्यानं ते हसण्यावारी नेलं.

रेडिओ बाहेरच्या खोलीत गेला. आधी एलियानं दोन्हींच्या तारा एकाच जागी जोडल्या, तर सनईत बातम्या मिसळल्या आणि वरून भुंग्यासारखी घुंई. मग ती घुंई थांबवायला त्यानं जाळीची वायर आणली, फिरवायचा स्विच बसवला. डावीकडं रेकॉर्ड, उजवीकडं रेडिओ. रेडिओच्या पोटातला छोटा स्पीकर त्यानं सोडवून ठेवला, आता त्याचं काम काय? तरीही रेडिओ चालू असला की तबकडीमागं बारीक कुजबुज यायची, म्हणून तबकडी लावताना तो रेडिओ बंदच करून टाकी.

मरियाला काही ऐकायचं तर हातातलं काम टाकून बाहेर यायचं आणि म्हणायचं, "अहो, जरा रेडिओ लावता का?" पुढं पुढं ती म्हणेनाशी झाली. एलियाच्या ते ध्यानातही आलं नाही.

मरियाची धाकटी बहीण दीना श्रीगोंद्याला शाळेत शिकवायची. आई लवकर गेली, तेव्हा दीनाला मरियानंच वाढवलं, गाणंही तिनंच शिकवलं. त्या साली दीनाला पुणे केंद्रावर दोन भक्तिगीतं गायला बोलावलं. गाणं थेट जाणार होतं, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला.

मरिया आठवडाभर हवेत होती. "शनिवारी विसरू नका हं," ती पुन्हा पुन्हा म्हणे.

"माझी मेव्हणी गाणार आणि मी विसरेन?"

शनिवारी जॉर्ज नवी तबकडी घेऊन आला. सोबत आणखी दोघं. चहा झाला, तबकडी लागली. मरिया पदराला हात पुसत दारात आली.

"अहो, वेळ झाली."

"एवढी बाजू संपू दे. लगेच लावतो."

ती दारातच उभी राहिली. पाहुण्यांसमोर दुसऱ्यांदा कसं म्हणायचं? बाजू संपली. एलियानं झोकात स्विच उजवीकडं फिरवला. स्पीकर गप्प. रेडिओ तर बंदच होता. त्यानं घाईनं चालू केला, पण आतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागला. तापले तेव्हा दुसरंच कुठलं तरी केंद्र बोलत होतं, सकाळी त्यानंच काटा हलवलेला. घामेजल्या बोटांनी त्यानं पुणे शोधलं. खोलीभर निवेदिकेचा आवाज घुमला, "...यांच्या आवाजात ही गीतं आपण ऐकलीत."

नाव मागंच राहिलं होतं.

जॉर्ज खाली बघू लागला. मरिया आत गेली. तिनं स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. एलियाला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी दीना पुण्याहून थेट बहिणीकडंच आली. पिशवी टाकली आणि मरियाच्या गळ्यात पडली.

"ताई, सांग ना! मी काचेच्या खोलीत, मला कुठलं ऐकू येतंय? कशी झाली गाणी?"

 खरं सांगायला एलियानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मरिया म्हणाली, "पहिलं छान झालं. दुसऱ्यात तिसऱ्या कडव्याला श्वास कमी पडला तुझा."

"व्हय गं!" दीनानं टाळीच वाजवली. "तिथंच पडला! लहानपणीसुद्धा तिथंच मार खायचे तुझा. आणि नाव? नीट घेतलं?"

मरियानं क्षणभर एलियाकडं बघितलं.

"पूर्ण घेतलं. दीना सॅम्युअल भिंगारदिवे. बाबांच्या नावासकट."

दीनाचे डोळे भरून आले. ती एलियाकडं वळली. "दाजी, तुमच्या मोठ्या स्पीकरवर ऐकलं तिनं. माझं नशीब."

"छान झालं गाणं," एलिया म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

संध्याकाळी दीनाला एसटीत बसवून दोघं परतीला लागले. बाजार ओलांडला. मग एलिया म्हणाला, "मरिया, माझं चुकलं. मी तिला सांगायला हवं होतं."

"कशाला? तुमचं मन हलकं व्हायला?" ती चालतच राहिली. "तिचा आनंद कशाला नासवायचा?"

"आणि तुझं काय?"

 समोरून ओळखीची बाई आली, मरियानं हसून हात जोडले. "बहिणीचं गाणं ऐकलं म्हणं रेडिओवर?" त्या बाईनं विचारलं.

"व्हय तर," मरिया म्हणाली, आणि रस्त्यातच थांबून तिला गाण्याचं सगळं सविस्तर सांगू लागली. एलिया मागं चार पावलांवर उभा राहून ऐकत होता.

दीनाला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही.