पाचव्या पानाची पाठ

“निधनवार्ता कुठं गेल्या?” फूटपट्टीने विचारले.

बैठकीच्या खोलीत नव्या अंकाची सोळा पाने भिंतीला टाचली होती. नवजात बाळाकडे बघावे तसे नऊ जण त्यांच्याकडे बघत होते. बाळ कोणावर गेलेय, हे बोलायची कोणाची तयारी नव्हती.

“गेल्या नाहीत, काका. या काय इथे.” डिझाइनरने पाचव्या पानाच्या तळाशी, करंगळीएवढ्या राखाडी पट्टीवर बोट ठेवले. “प्रत्येकाला तीन ओळी. फोटो नाही. त्या फोटोंनी पान म्हातारं दिसतं.”

डिझाइनर मोठ्या शहरातून आला होता. बिनमोज्यांचे बूट घालायचा आणि कोणी प्रश्न विचारला की आधी डोळे मिटायचा. तीन महिन्यांत तो छापखान्यात एकदाही उतरला नव्हता. शाईच्या वासाने त्याचे डोके दुखे. त्याने आणलेला शोध म्हणजे पांढरी जागा. “पानाला श्वास घेऊ द्या,” असे तो दिवसातून चारदा म्हणे. पानात मुंगी शिरायला जागा न ठेवण्यात ज्यांची हयात गेली, ते संपादकही आता तेच म्हणू लागले होते.

फूटपट्टी हा पाने लावणाऱ्यांतला सर्वांत जुना. त्याचे खरे नाव फक्त हजेरीपटावर उरले होते. कॉम्प्युटर येऊन जमाना झाला, तरी त्याच्या शर्टाच्या खिशात पोलादी पट्टी असे आणि छापील प्रुफावर ती ठेवून बघितल्याशिवाय तो पान सोडत नसे.

“लोक ते कापून ठेवतात,” तो म्हणाला. “फोटोसकट. एका कॉलमात असतं, म्हणून पाकिटात मावतं.”

“कापतात?” डिझाइनरने डोळे उघडले. “म्हणजे कात्रीने?”

धाकटे मालक हसले, म्हणून संपादक हसले, म्हणून जाहिरातवाला हसला.

“आणि मागे काय येतंय तेही बघावं लागतं. पाचव्याच्या पाठीला सहावं पान येतं. निधनाच्या बरोबर मागे मी हवामानाचा फिका नकाशा टाकतो. चोवीस वर्षं टाकतोय.”

“कशासाठी?”

“कात्रण उलटलं की मागे सेल नको.”

धाकटे मालक खुर्चीत पुढे सरकले. वडील गेल्यापासून ते सगळ्याच खुर्च्यांत पुढे सरकून बसत. “म्हणजे काका, चोवीस वर्षं आपला पेपर मागच्या पानाचा विचार करत बसला होता? तरीच!”

हे वाक्य संपादकांनी वहीत लिहून घेतले.

“बाकी काहीही करा,” फूटपट्टी म्हणाला. “एवढा कोपरा फोटोसकट राहू द्या.”

“पाचवं पान फायनल आहे,” डिझाइनर म्हणाला.

“मग पहिल्याचं तरी बघा.” पहिल्या पानावर थोरल्या मालकांचा, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांचा फोटो होता, पोस्टकार्डाएवढा. भोवती सगळे पान कोरे. पेपरची साठ वर्षे आणि नवे रूप, दोन्ही एकाच सोमवारी येणार होते. “आपला कागद पातळ आहे. इतकं कोरं सोडलं की मागचं वर दिसतं. दुसऱ्या पानावर काय आहे?”

“बनियन,” जाहिरातवाला अभिमानाने म्हणाला. “फुल पेज. काळ्या बॅकग्राउंडवर.”

डिझाइनरने लॅपटॉप फिरवला. “कुठे दिसतंय, काका? दाखवा.”

“स्क्रीनला पाठ नसते.”

“काका,” धाकटे मालक गोड आवाजात म्हणाले, “तळघरात जुन्या अंकांच्या खोलीत माणूस हवाच आहे. नव्याशी जमत नसेल तर सांगा. संकोच करू नका.”

फूटपट्टीने खिशातली पट्टी आणखी आत दाबली.

घरी बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. “काय म्हणाले?”

“हसले.”

तिने घडी मोडून पुन्हा घातली. त्यांच्या कपाटात, साड्यांखाली, एका पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेले चोवीस वर्षांपूर्वीचे कात्रण होते. त्यांची मुलगी, सहा वर्षांची, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. ते पान फूटपट्टीनेच लावले होते. त्या दिवशी दुसरे कोणी हजर नव्हते आणि त्याला घरी बसवेना. फोटो सरळ बसलाय ना, एवढेच त्याने तेव्हा मोजले. बायकोने कात्रण उलटले तर मागे सर्कशीचा विदूषक. जीभ बाहेर काढलेला. उलटता येऊ नये म्हणून तिने ते पुठ्ठ्यावर चिकटवून टाकले होते.

“सांगितलंत का त्यांना, का ते?”

“नाही.”

“नकाच सांगू. एवढी त्यांची लायकी नाही.”

रविवारी दुपारी फूटपट्टीने सहावे पान उघडले. साच्यात तळाला मिक्सरची जाहिरात होती, हसऱ्या कुटुंबासह. त्याने ती वर सरकवली आणि वरचा नकाशा खाली, राखाडी पट्टीच्या बरोबर मागे आणला. दोन वेळा मोजले. डिझाइनर शेजारीच उभा होता, पण तो पहिल्या पानाला श्वास घेताना बघत होता. दुसऱ्या पानाला फूटपट्टीने हात लावला नाही. त्याबद्दल तो एकदा बोलला होता, आणि दोनदा सांगायची त्याला सवय नव्हती. पहिले, दुसरे, पाचवे, सहावे, अशा त्याच्याकडच्या चारही पानांच्या प्रुफांवर त्याने सही केली.

सोमवारी सकाळी थोरले मालक घरोघरी पोचले. भोवतीच्या कोऱ्या कागदातून एक पिळदार माणूस दोन्ही हात वर करून उभा होता. त्याच्या बगला मालकांच्या कानांशी आल्या होत्या आणि दात बरोबर कपाळावर. साडेसातला धाकट्या मालकांच्या आईंचा फोन आला. “तुझ्या बाबांच्या कपाळावर कोण हसतंय रे?”

अकराला बैठक झाली. डिझाइनर म्हणाला, दोष कागदाचा आहे. जाहिरातवाला म्हणाला, बनियनवाले खूश आहेत. संपादकांनी प्रूफ वर धरले. “पण सही कोणाची आहे? अनुभवी माणसाने एकदा बोलायला नको?”

सगळ्यांनी फूटपट्टीकडे बघितले. तो बोलला होता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोणी घसा खाकरला. कोणी पाणी प्यायले.

“उद्यापासून तळघर,” धाकटे मालक म्हणाले.

“बरं,” फूटपट्टी म्हणाला.

खण रिकामा करून तो खाली आला, तेव्हा अंकविक्रीच्या खिडकीशी चाळिशीतली एक बाई पाच अंक घेऊन उभी होती. तिने एका अंकाचे पाचवे पान उघडले होते आणि तळाच्या पट्टीत बोटाने शोधत होती.

“आईचं आहे,” तिने न विचारताच सांगितले. “नर्स होती, सरकारी दवाखान्यात. फोटो दिला होता हो आम्ही. आला नाही?”

“नवीन डिझाइन आहे,” फूटपट्टी म्हणाला.

“तीनच ओळी?”

“हो.”

तिने त्या ओळींवरून पुन्हा बोट फिरवले. मग म्हणाली, “कात्री मिळेल का? भावांना पाठवायचंय.”

खिडकीतल्या माणसाने नकारार्थी मान हलवली. फूटपट्टीने खिशातून पट्टी काढली, अंक कट्ट्यावर पसरला, ओळींच्या कडेला पट्टी दाबून धरली आणि कागद हळूच ओढला. कड कात्रीने कापल्यासारखी सुटली. पाचही अंकांचे त्याने तसेच केले.

तिने पहिले कात्रण हातात घेतले, वाचले आणि सगळे करतात तसे उलटून बघितले. मागे हवामानाच्या नकाशातले फिकट निळे आभाळ होते, पावसाची शक्यता नसलेले. तिने ते पुन्हा सुलटे केले, घडी न घालता पर्समध्ये सरकवले आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.