मिशी गेली आणि बाबाही

सलूनवाल्याची मिशी अशी होती की गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघे आणि मग त्याच्याकडे. तिच्यावर लिंबू ठरेल, असं तो छातीठोकपणे सांगायचा. ठेवून कुणी बघितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. लग्नाच्या फोटोत नवरीपेक्षा तीच उठून दिसते, ही त्याच्या बायकोची जुनी तक्रार.

एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं आणि नवं ट्रिमर हातात होतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणतात. याने भिंत सोडली आणि स्वतःचा ओठ धरला. डावं टोक जरासं जास्त उडालं. ते सारखं करायला उजवं कापलं, तर ते त्याहून जास्त गेलं. लोण्याची वाटणी करणाऱ्या माकडासारखा तो या बाजूचं त्या बाजूला जुळवत राहिला. शेवटी दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या, कारण उरलंच काही नव्हतं.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं आणि हसता हसता चपलांच्या फळीवरच बसली. आतून ठमी रोजच्यासारखी धावत आली. ठमी तीन वर्षांची. बाबा आला की त्याच्या पायाला विळखा घालायचा, हा तिचा नेम. आज मात्र ती अर्ध्या वाटेतच थबकली आणि आईच्या मागे लपली.

"आई, काका आले."

"अगं ठमे, मीच बाबा!"

ठमीने त्याला वळसा घालून जिन्यात डोकावून पाहिलं. "बाबा कुठेय?"

जेवताना तिने त्याला उठवलं. "काका, ती बाबाची खुर्ची आहे." तो मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसला.

"काका, भाजी वाढू का?" बायकोने विचारलं.

"तू तरी गप बस गं!"

पुढे हात धुताना तो सवयीने गुणगुणायला लागला. "बाबा आला!" म्हणत ठमी न्हाणीघराकडे धावली. दार उघडलं, तर पुन्हा तेच बोडकं तोंड. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, तू बाबाला कुठे कोंडलंस?"

एवढं झाल्यावर त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. ती बालवर्गाची शिक्षिका. तिने आधी पोटभर हसून घेतलं.

"अरे, या वयात डोळ्यांना दिसतं तेच खरं. रूप बदललं की माणूस बदलला! मी वर्गात चष्मा काढला, तर चिल्लीपिल्ली मलाच विचारतात, बाई कुठे गेल्या म्हणून."

"मग कळतं कधी, ताई?"

"हळूहळू. पक्कं व्हायला पाच-सहा वर्षांची तरी होऊ दे."

"आणि तोवर मी काका?"

"तोवर मिशी येईल की रे! नाहीतर तिच्या डोळ्यांदेखत बदलून दाखव. बघ काही उमगतंय का."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्याने बायकोची भुवयांची पेन्सिल घेतली आणि आरशासमोर मांडी ठोकली. ठमी दोन हात लांब उभी. परक्याच्या मांडीवर बसायचं नसतं, हे तिला बाबानेच शिकवलं होतं. अर्धी मिशी काढून झाली तेव्हा ती एक पाऊल पुढे आली. पूर्ण झाली आणि "बाबा!" म्हणून तिने त्याच्या गळ्यात उडी घेतली.

सलूनवाल्याला भरून आलं. पण ताईचा सल्ला आठवून त्याने ओला रुमाल ओठावरून फिरवला. ठमीने किंकाळी फोडली. "काका, बाबा पुसला!"

पुन्हा काढली, पुन्हा बाबा. पुन्हा पुसली, पुन्हा काका. असं बराच वेळ चाललं.

"अहो, ती पेन्सिल भुवयांसाठी आहे, नवरे काढायला नाही," बायको म्हणाली.

तेवढ्यात ठमीने पेन्सिल पळवली आणि आपल्या नाकाखाली पार हनुवटीपर्यंत रेघोट्या ओढल्या. "मी बाबा! मी दुकानात चालले."

"जा हो," आई म्हणाली. "पण मग माझी ठमी कुठे गेली?"

ठमी उभीच राहिली. आरशात पाहिलं. तिथे एक मिशीवाला माणूस होता आणि त्याचा खालचा ओठ थरथरत होता. बापाने रुमाल उचलला, पण बायकोने डोळ्यांनीच त्याला थांबवलं. ठमीने पोटावर हात ठेवला, दाबून पाहिलं.

"ठमी आत आहे," ती हळूच म्हणाली.

"नक्की?"

"हो. मला कळतंय."

मग ती बापाजवळ आली. त्याच्या पुसलेल्या ओठावर तिने बोट फिरवलं, नाकपुडीत डोकावून पाहिलं. "बाबापण आत आहे?"

"आतच आहे गं राणी. कालपासून."

"मग बोलला का नाही?"

ठमीने उत्तराची वाट पाहिली नाही. ती त्याच्या मांडीत ऐसपैस बसली आणि "बाबा, पुस" म्हणून तोंड पुढे केलं.

इतक्यात शेजारचे सुतारकाका शिडी परत द्यायला आले. ठमीने त्यांच्या पोटावर टिचकी मारली.

"काका, तुमच्या आत कोण आहे?"

सुतारकाकांनी घरातल्या दोघांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "सध्या तरी कुणी नाही बाई," ते म्हणाले. "सकाळपासून चहासुद्धा नाही."

बायको हसत चहा टाकायला उठली.