चुन्याशी भांडणारं आम्ल

आमच्या माती प्रयोगशाळेत साहेबांचं आम्ल म्हणजे ब्रह्मवाक्य. मातीत आम्ल ओतायचं, हलवायचं, गाळायचं, वर औषध टाकायचं. पाणी जितकं निळं, तितकं पिकाला मिळणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जास्त. मी बाटल्या धुणारा. मला कोण विचारतो?

पण त्या दिवशी माती माझ्या आक्काच्या शेतातली होती. पाणी जेमतेम निळसर झालं. साहेबांनी शेरा मारला: ‘स्फुरद नाही. जमीन मेलेली.’

आक्काचा दीर त्याच कागदाची वाट बघत होता. "वहिनी, मेलेलं शेत कशाला सांभाळता? माझ्या नावावर करा."

आक्का माझ्यावरच उखडली. "मेलं म्हणे! मग गेल्या साली मका काय भुतानं पिकवला?"

बाटल्या धुताना मी एक पाहिलं होतं. चुनखडीच्या मातीत आम्ल पडलं की बुडबुडे येतात; आक्काच्या मातीतही आले होते. साहेबांच्या हाताखाली एक बाई होत्या, त्यांना म्हटलं, "बाई, हे आम्ल आपल्या साहेबांवर गेलंय. दारातच चुन्याशी भांडून दमतं. आत स्फुरदापर्यंत पोचायला अंगात त्राण कुठलं?"

बाईंनी आधी दार लावलं, मग पोटभर हसल्या. तीच माती त्यांनी चुन्याशी न भांडणाऱ्या खायच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास हलवली, गाळून वर तेच औषध टाकलं. या खेपेला पाणी चांगलं गडद निळं.

साहेब तापले. "एका मातीचे दोन निकाल? खरा कुठला?"

"पिकाला पटेल तो," बाई म्हणाल्या.

मग आक्काच्या शेतात शेजारी शेजारी दोन पट्टे मक्याचे. एकाला स्फुरदाचं खत, दुसऱ्याला चिमूटभरही नाही; जमिनीत मुळातच स्फुरद असेल तर दोन्ही सारखेच यायचे. आक्का दिराला म्हणाली, "कणसं भरेपर्यंत थांबा, भाऊजी. खताचा पट्टा सरस निघाला तर शेत तुमचं."

ही बया सोड्यावर शेत लावून बसली!

कणसं भरली तसे साहेब टेप घेऊन आले. मागे दीर, खिशात शेत नावावर करायचा कागद.

"खताचा पट्टा कुठला?"

"तुम्हीच ओळखा की," आक्का म्हणाली.

साहेब एका पट्ट्यात शिरले, दुसऱ्यातून हिंडले, परत पहिल्यात. मका त्यांच्या डोक्याच्या वर. नुसतीच पानं हलत राहिली.

"सापडला का फरक, साहेब?" आक्कानं हाळी दिली.

"फरक राहू दे," आतून आवाज आला. "बाहेर यायची वाट कुठाय?"

दिराचा हात खिशातच राहिला.

"बघता काय, भाऊजी?" आक्का म्हणाली. "जा, आणा त्यांना. मेलेल्या जमिनीत जिता माणूस हरवलाय."