नवशाची बोली

जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनजवळ ऋषिकेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला एका लिलावाच्या अ‍ॅपचा नाद लागला. तिथे बोलीसुद्धा विकत घ्यावी लागे. बटण दाबलं की एक बोली खर्ची पडायची, वस्तूची किंमत पंचवीस पैशांनी वाढायची आणि घड्याळ परत दहा सेकंदांवर यायचं. दहा सेकंद कुणीच दाबलं नाही, की शेवटी दाबणाऱ्याला वस्तू मिळायची. बाकीच्यांच्या बोल्या गेल्या त्या गेल्या.

एकदा त्याला मिक्सर जवळजवळ फुकटात मिळाला. तेव्हापासून आपल्याला माणसं ओळखता येतात, असं त्याला वाटायला लागलं. जत्रेतल्यासारखेच इथेही हौशे, नवशे आणि गवशे असतात, असं तो बायकोला, रूपालीला, सांगायचा. हौशे लिलाव उघडल्याबरोबर दाबत सुटतात आणि लवकर रिकामे होतात. नवशे एकच वस्तू मनात धरून येतात, त्यांना हटवणं कठीण. गवशे काठावर बसतात आणि बाकीचे दमले की उचलून नेतात. तो स्वतःला गवशा समजायचा. अ‍ॅपवर त्याने नाव घेतलं होतं ‘वाघ’.

दसऱ्याच्या आधी तांड्यावरचा किशन दुकानात आला. तो आणि त्याची बायको धनीबाई दरसाल ऊसतोडीला जायचे, आणि मुलगी सुकेशनी आजीजवळ राहायची. आजी श्रावणात वारली. सुकेशनी यंदा दहावीला होती. स्कूटर असती तर बांगड्या-कटलरी घेऊन गावोगाव फिरता आलं असतं, तोडीला जावं लागलं नसतं, असं किशनच्या मनात होतं. स्कूटरची जाहिरात त्याने फोनवर पाहिली होती. हे खरं असतं का, एवढंच विचारायला तो आला होता.

ऋषिकेशने त्याला मिक्सरचा फोटो दाखवला. नवा माणूस जोडला की जोडणाऱ्याला पन्नास बोल्या फुकट मिळायच्या, म्हणून लगेच त्याच्या फोनमध्ये अ‍ॅपही टाकून दिलं. जिंकायचं कसं, असं किशनने विचारलं.

“जिद सोडायची नाही, किशनभाऊ. जो थांबला, थो गेला.”

किशनने दोन बकऱ्या विकल्या आणि बोल्या घेतल्या.

स्कूटरचा लिलाव रविवारी दुपारी उघडला. ऋषिकेश तासभर नुसता बघत राहिला. हौशे गळाले. मग ‘पाहुणा ४१७२’ नावाचा एकच जण उरल्यासारखा वाटला, आणि ऋषिकेश उतरला. किशनमुळे मिळालेल्या पन्नास बोल्या आधी संपवल्या, मग विकतच्या घेतल्या. पाहुणा हटेना. घड्याळ दोनवर आलं की त्याचं बटण पडायचंच. हा नवशा आहे, हे ऋषिकेशने ओळखलं. किशन एवढा टिकणार नाही, हा शहरातला कुणी पैसेवाला असेल, असं समजून त्याला चेव चढला. दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्याने उद्या या म्हणून परत पाठवलं.

दिवेलागणीला पाहुण्याचं बटण उशिरा पडायला लागलं आणि मग थांबलं. ऋषिकेशचं नाव वर राहिलं. पाच, चार, तीन. एकवर आल्यावर तिसऱ्याच कुणीतरी बोली लावली. ऋषिकेशजवळ आता एकही बोली नव्हती. नव्या घेईपर्यंत स्कूटर गेली.

दुसऱ्या दिवशी किशन दुकानात येऊन स्टुलावर बसला.

“तुमी सांगतलं तसंच केलं, भाऊ,” तो म्हणाला. “पण थो एक वाघ होता, त्यानं मले उसंतच देल्ली नाही.”

कंपनीकडे अर्ज केला तर बोल्या परत मिळतील का, असं त्याने विचारलं. ऋषिकेशने त्याचा फोन हातात घेतला. वर नाव होतं, पाहुणा ४१७२. गप्प राहिला असता तर किशनला कधीच कळलं नसतं.

“थो वाघ मीच होतो, किशनभाऊ. मले मालूम नव्हतं.”

किशनने दारातल्या ऋषिकेशच्या मोटरसायकलकडे पाहिलं.

“तुमाले गाडी कायले पाहिजे होती?”

किशनने फोन परत घेतला आणि तो निघून गेला.

ऋषिकेशने घरी सगळं सांगितलं. पोरीला परीक्षेपर्यंत आपल्याकडे ठेवून घेऊ, असं रूपालीच म्हणाली. पण हे विचारायला त्याचं तोंड होईना. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी दोघं तांड्यावर गेली, तेव्हा घराला कुलूप होतं. मुकादमाचा ट्रक यंदा लवकर आला आणि तिघंही गेली, असं शेजारच्या सेवालालने सांगितलं.

ऋषिकेश रोज किशनला फोन लावायचा. फोन बंदच यायचा. दिवाळीनंतर तो सुकेशनीच्या शाळेत गेला. परीक्षेच्या फॉर्मची मुदत कालच संपल्याचं तिथे कळलं. त्या दिवशी मात्र फोन लागला. सुकेशनीने उचलला.

“बा फडात हाये,” ती म्हणाली. “काही सांगू का?”

तो म्हणाला, सांगायचं काही नाही. अभ्यास करते का, असं विचारलं. ती म्हणाली, पुस्तकं आणली आहेत. मग तिने विचारलं, “फॉर्मची तारीख गेली न, दादा?”

“गेली.”

“बरं,” ती म्हणाली. टँकर आला होता, तिला पाणी भरायचं होतं. तिने फोन ठेवला.