रेड गल्चची बांधलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. नाशिकला मला ओतलं तेव्हाच कारागीर म्हणाला होता, "बापरे, काय खणखणीत आवाज आहे हिचा!" पुढे सरलाकाकूंच्या सामानातून मी थेट अमेरिकेला आले.

काकूंचे यजमान डॉक्टर सुमंत. रिटायर झाल्यावर दोघं नेवाडाच्या उजाड डोंगरांत राहायला गेले. डांबरी रस्ता तिथेच संपायचा. हळूहळू वस्ती वाढली, तिचं रेड गल्च नावाचं गाव झालं. आणि पहिला मेयर कोण? आमचे डॉक्टर! त्यांचा दवाखाना हाच टाउन हॉल आणि त्याच्या दारात मी. सकाळी काकू मला पूजेला हळूच वाजवायच्या. मीटिंग असली की डॉक्टर जोरजोरात वाजवायचे, आणि हातातलं काम टाकून अख्खं गाव यायचं. म्हातारा अर्ल सगळ्यांत आधी, हातात कॉफीचा मग घेऊन. "गुड मॉर्निंग, युवर हायनेस," असं मलाच म्हणायचा मेला! मला फार आवडायचा तो.

मग काकू गेल्या. सुतकात घंटा वाजवायची नाही, म्हणून डॉक्टरांनी काकूंच्या जुन्या साडीची पट्टी फाडली आणि माझी जीभ बांधली. जन्मभर टाके घातलेले हात ते. गाठ अशी घट्ट मारली की सुटता सुटेना. खरं सांगू? सुतक हे निमित्त होतं. काकूंशिवाय माझा आवाज त्यांना सोसला नसता.

त्याच आठवड्यात डोंगर पेटला.

भर दुपारी अंधारून आलं. वीज गेली, फोन बंद पडले. धूर आत येऊ नये म्हणून लोक दारं-खिडक्या लावून बसले होते. वारा फिरलाय आणि आग गावाकडे वळलीये, हे त्यांना कोण सांगणार? आई गेल्यामुळे बेलव्ह्यू शहराहून आलेली डॉक्टरांची लेक मोना ओरडली, "बाबा, रिंग इट! प्लीज!"

"अगं, सुतक आहे... तिची घंटा आहे ती."

"आई गेली, बाबा! दे आर स्टिल हिअर!"

मी जीव तोडून हलत होते, पण बांधलेल्या जिभेने काय बोलणार? शेवटी डॉक्टर उठले आणि गाठीला भिडले. नखं लावली, दात लावले, गाठ सुटेना. मोनाने आतून कात्री शोधून आणली तेव्हा कुठे पट्टी तुटली. मग मी अशी किंचाळले की माझ्या अंगाला तडा गेला.

लोक मीटिंगच समजून धावत आले, आग कळताच मिळेल त्या गाडीत बसून निघाले. अर्लचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. आग विझल्यावर त्याचा देह वाटेवर सापडला, टाउन हॉलच्या दिशेने निघालेला. शेजारी त्याचा कॉफीचा मग पडला होता.

आता गाव नाही, फक्त राख आहे. डॉक्टर रोज येतात, मला एकदा वाजवतात आणि रस्त्याकडे बघत उभे राहतात. फुटका, बसका आवाज निघतो माझा. कुणी येत नाही.

मित्रांनो, दुःख झालं तर पोटभर रडा. पण दुसऱ्याला हाक मारणारी वस्तू कधी बांधून ठेवू नका. अर्ल माझ्याकडेच येत होता हो! थोडा वेळ आधी बोलले असते, तर पोचला असता.